दोष कुणाला द्यायचा? नैतिक जबाबदारीवरचा गेल्या साठ वर्षांतला वाद

दोन माणसं रात्री एकाच लग्नाहून परततायत. दोघांच्या गाड्या सारख्या, वेग सारखा, दोघांच्याही एका हातात फोन. पहिला घरी पोचतो आणि झोपतो. दुसऱ्याच्या गाडीपुढे वळणावर एक सायकलवाला येतो आणि जागच्या जागी मरतो. भारतीय न्याय संहितेत पहिल्याचं वागणं, तो पकडला गेलाच तर, कलम २८१ मध्ये बसतं: बेदरकारपणे वाहन हाकणं, जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला कलम १०६ लागतं आणि तिथं पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी आपण असेच वागतो. पहिल्यावर बायको फार तर चिडेल. दुसऱ्याकडे गाव आयुष्यभर वेगळ्या नजरेनं बघेल.

पण दोघांनी केलं ते तंतोतंत सारखं होतं. फरक पडला तो सायकलवाल्यामुळे, आणि सायकलवाला त्या क्षणी त्या वळणावर असणं दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

आपण सगळेच एक तत्त्व मानतो: जे माझ्या हातात नव्हतं, त्याचा दोष मला देऊ नका. लहान मूलसुद्धा हे सांगतं, ‘मी मुद्दाम नाही केलं.’ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये या तत्त्वाला भक्कम रूप दिलं. माणसाची नैतिक किंमत त्याच्या संकल्पात असते, परिणाम काय झाला यावर ती ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर दोन्ही चालकांचा दोष सारखाच भरायला हवा. मग एकाला सहा महिने आणि दुसऱ्याला पाच वर्षं कशी?

१९७६ मध्ये इंग्लंडमधल्या अॅरिस्टॉटेलियन सोसायटीच्या एका परिसंवादात बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. या अडचणीला त्यांनी ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. नेगल यांनी ती शेवटपर्यंत ताणून दाखवली. परिणाम नशिबावर अवलंबून असतो हे तर दिसलंच. पण परिस्थितीही नशिबाचीच असते. त्यांचं उदाहरण जर्मनीचं आहे. जो माणूस छळछावणीत अधिकारी झाला, तो नाझी सत्तेवर आलेच नसते तर कदाचित साधं, निरुपद्रवी आयुष्य जगला असता. आणि जो १९३० मध्ये धंद्यासाठी अर्जेंटिनाला गेला आणि तिथं निवांत म्हातारा झाला, तो जर्मनीतच राहिला असता तर कदाचित त्याच छावणीत अधिकारी झाला असता. आपण पहिल्याला राक्षस म्हणतो आणि दुसऱ्याला शेजारी. पुढची पायरी आणखी अवघड आहे. माझा स्वभाव, माझा तापटपणा, माझी भित्री वृत्ती हेही मी निवडलेलं नाही. जे जे माझ्या हातात नव्हतं ते एकेक करून वजा करत गेलं, तर शेवटी दोष देण्यासाठी ‘मी’ म्हणून काय उरतं?

विल्यम्स यांचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणतात, असा एक ट्रकचालक घ्या ज्याची काहीच चूक नाही. वेग बरोबर, ब्रेक बरोबर, नजर रस्त्यावर. तरी एक मूल अचानक चाकाखाली येतं. आपण त्याला समजावतो, ‘तुझा काही दोष नाही.’ ते खरंही असतं. पण तो लगेच म्हणाला, ‘हो, माझा काही दोष नाही,’ आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर गेला, तर आपण चरकतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्याला जे वाईट वाटतं, त्यापेक्षा वेगळं काहीतरी त्याला वाटायला हवं, असं आपल्याला वाटतं. ही अपेक्षा गैर नाही, असं विल्यम्स यांचं मत. आपण फक्त संकल्पांनी बनलेले नसतो. आपल्या हातून जे घडतं तेही आपल्या आयुष्याचा भाग होऊन बसतं, दोष असो वा नसो.

‘दुसरा पर्यायच नव्हता’

‘जे माझ्या हातात नव्हतं त्याचा दोष मला नको’ या तत्त्वाचं एक भावंड आहे. ते आपण रोज ऐकतो: मला दुसरा पर्यायच नव्हता. ज्याला वेगळं वागणं शक्यच नव्हतं त्याला दोष देता येत नाही, हे तत्त्व शतकानुशतकं जवळजवळ सगळ्यांनी मान्य केलं होतं. त्यातूनच इच्छास्वातंत्र्याचा मोठा वाद निघतो. जगात घडणारी प्रत्येक गोष्ट जर आधीच्या घटना आणि निसर्गाचे नियम यांनी ठरत असेल, तर मी आज सकाळी जे केलं तेही माझ्या जन्माच्या आधीच ठरलं होतं. माझ्या जन्माआधीच्या घटना माझ्या हातात नाहीत, निसर्गाचे नियमही नाहीत, मग त्यांतून अटळपणे निघणारं माझं वागणं तरी माझ्या हातात कसं? पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ मध्ये हा युक्तिवाद अतिशय काटेकोरपणे मांडला आणि आजही त्याला सर्वमान्य उत्तर नाही.

(मेंदूतल्या विद्युत हालचालींवरचे बेंजामिन लिबेट यांचे १९८३ चे प्रयोग या चर्चेत हटकून येतात. बोट हलवायचं ठरवल्याची जाणीव होण्याआधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते, असं त्यांत दिसलं. पण त्या तयारीचा अर्थ काय यावर शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, आणि बोट कधी हलवायचं हा काही नैतिक निर्णय नव्हे. तो विषय इथंच सोडतो.)

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या हॅरी फ्रँकफर्ट यांनी अकरा पानांच्या एका निबंधात या जुन्या तत्त्वालाच सुरुंग लावला. त्यांची युक्ती मी आपल्याकडच्या उदाहरणानं सांगतो.

एका पतसंस्थेत बोगस तारणावर कर्ज काढलं जातंय. फाइलवर सही कारकुनाची लागते. शाखाधिकाऱ्याला ती सही हवीच आहे. नुसती धमकी देऊन भागणार नाही, कारण धमकीला न जुमानता नाही म्हणणारी माणसं असतात. म्हणून कल्पनेत थोडं पुढं जाऊ. शाखाधिकाऱ्यानं कारकुनाच्या मेंदूत त्याच्या नकळत एक यंत्र बसवलंय. कारकून नाही म्हणण्याच्या बेतात आला, की यंत्र सुरू होणार आणि त्याच्याकडून सही करून घेणार. आता प्रत्यक्षात काय होतं? कारकुनानं कर्जदाराकडून आधीच पाकीट घेतलंय. तो फाइल उघडतो, तारणाचा कागद खोटा आहे हे ओळखतो आणि हसत सही करतो. यंत्र एकदाही सुरू होत नाही.

कारकुनाला सही न करणं शक्य होतं का? नव्हतं. तो दोषी आहे का? आहेच. पर्याय नसतानाही माणूस पूर्ण दोषी असू शकतो, हे एवढ्यावरून दिसतं, असा फ्रँकफर्ट यांचा दावा.

यावर गेली पन्नासेक वर्षं वाद झडतोय. सगळ्यांत टोकदार आक्षेप असा: यंत्राला कळणार कसं? कारकून नकार देणार हे आधी ओळखायचं तर काहीतरी खूण लागेल, समजा कपाळावर घाम. ती खूण दिसली की नकार अटळ असेल, तर सगळं आधीच ठरलेलं असतं हे तुम्ही गृहीतच धरलंत, जे सिद्ध करायचं होतं. आणि खूण दिसूनही नकार अटळ नसेल, तर कारकुनाला पर्याय शिल्लक आहे. रॉबर्ट केन आणि डेव्हिड विडरकर यांनी ही कोंडी मांडली. जॉन मार्टिन फिशर यांचं उत्तर असं, की घाम येणं न येणं असली एखादी ठिणगीएवढी शक्यता उरलीच, तरी कारकुनाचा दोष त्या ठिणगीवर उभा आहे असं कुणी म्हणणार नाही. मला फिशर यांचं बरोबर वाटतं. कारकून दोषी का, असं विचारल्यावर आपण त्याच्या घामाबद्दल बोलत नाही. पाकिटाबद्दल बोलतो.

फ्रँकफर्ट यांनी जुन्या तत्त्वाच्या जागी जे सुचवलं ते यंत्राच्या कल्पनेपेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. माणसानं एखादी गोष्ट *केवळ* दुसरा पर्याय नव्हता म्हणून केली असेल, तरच तो सुटतो. चौकशीत कुणी अधिकारी म्हणाला, ‘वरून दबाव होता,’ तर दबाव खरोखर होता का, एवढं तपासून थांबायचं नाही. दबाव असेलही. पण दबाव नसता तरी त्यानं हेच केलं असतं का? दबाव हे कारण होतं, की आयती मिळालेली सोय? हे तपासणं अवघड असतं, पण योग्य प्रश्न हाच आहे.

बाप आणि मुलगा

फ्रँकफर्ट यांच्या आधी सात वर्षं, १९६२ मध्ये, पी. एफ. स्ट्रॉसन यांनी लंडनच्या ब्रिटिश अकॅडमीत एक व्याख्यान दिलं. या विषयावर त्यानंतर लिहिलं गेलेलं बहुतेक सगळं त्या व्याख्यानाशी भांडतं किंवा त्याच्यावर उभं राहतं.

स्ट्रॉसन म्हणाले, विश्व आधीच ठरलेलं आहे की नाही हे सोडवून मग दोष द्यायचा की नाही हे ठरवू, अशी वाटच चुकीची आहे. आधी बघा, आपण एकमेकांशी कसे वागतो. कुणाचा तरी पाय माझ्या हातावर पडला. वेदना तेवढीच आहे. पण तो चुकून पडला की मला तुच्छ लेखून मुद्दाम दिला, यावर माझा राग ठरतो. राग वेदनेवरचा नसतोच, तो समोरच्याच्या मनातल्या भावावरचा असतो. कृतज्ञता तशीच, दुखावलं जाणं तसंच, माफ करणंही तसंच. माझ्याबद्दल तुला किमान आस्था असावी ही अपेक्षा, आणि ती मोडल्यावर उठणारी प्रतिक्रिया, म्हणजेच जबाबदार धरणं. त्याच्या तळाशी आणखी खोल काही खणायची गरज नाही.

या प्रतिक्रिया आपण काही वेळा बाजूला ठेवतो. दोन वर्षांच्या मुलानं चापट मारली तर, किंवा स्मृती गेलेल्या आजीनं घरातल्याच माणसाला चोर म्हटलं तर. तेव्हा आपण रागावत नाही, सांभाळून घेतो. समोरच्याकडे भांडण्याजोगा माणूस म्हणून न बघता, उपचार करण्याजोगी, हाताळण्याजोगी बाब म्हणून बघतो. स्ट्रॉसन यांचा मुद्दा असा, की अशी नजर अधूनमधून शक्य आहे, पण सगळ्यांबद्दल कायमची ठेवता येणार नाही. तसं केलं तर मैत्री, भांडण, समेट, प्रेम यांतलं काहीच उरणार नाही.

या विवेचनावर सगळ्यांत जोरदार हल्ला केला तो त्यांच्याच मुलानं. गेलन स्ट्रॉसन यांनी १९९४ च्या निबंधात मांडलेला युक्तिवाद चार ओळींत मावतो. तू जे करतोस ते तू जसा आहेस म्हणून करतोस. मग केल्याबद्दल अखेरची जबाबदारी तुझी असायची तर जसा आहेस त्याचीही जबाबदारी तुझी हवी. म्हणजे तू स्वतःला घडवलेलं हवं. पण स्वतःला घडवताना तू ज्या आवडीनिवडीनं घडवलंस, ती आधी कुठून आली? हे मागं मागं जात राहतं आणि कुठंच थांबत नाही. विश्व ठरलेलं असो वा नसो, फरक पडत नाही. अखेरच्या अर्थानं कुणीच कशालाच जबाबदार नसतो.

मुलाच्या युक्तिवादात मला आजवर फट सापडलेली नाही. तरी वडिलांचं म्हणणं त्यानं खोटं ठरत नाही, असं मी मानतो. गेलन ज्या जबाबदारीबद्दल बोलतात ती स्वर्ग-नरकाला पुरेल इतकी मोठी आहे. आपण शेजाऱ्याला, भावाला, मंत्र्याला जबाबदार धरतो तेव्हा त्यानं स्वतःला शून्यातून निर्माण केलं होतं असं आपल्याला म्हणायचंच नसतं.

रॉबर्ट हॅरिस

हे सगळं हवेत राहू नये म्हणून गॅरी वॉटसन यांनी १९८७ मध्ये एका खऱ्या खुन्याबद्दल लिहिलं. मी या विषयावर जे वाचलं त्यात हा निबंध सर्वांत जास्त रुतून बसला.

जुलै १९७८, कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो. रॉबर्ट हॅरिस आणि त्याचा धाकटा भाऊ यांना बँक लुटायची होती आणि त्यासाठी गाडी हवी होती. एका बर्गरच्या दुकानाबाहेर सोळा वर्षांची दोन मुलं गाडीत बसून खात होती. हॅरिसनं पिस्तूल दाखवून त्यांना गाडीसकट एका तलावाजवळ नेलं. तुम्हाला काही करणार नाही असं सांगितलं. मग दोघांना गोळ्या घातल्या. नंतर घरी बसून त्यानं मुलांचे अर्धवट राहिलेले बर्गर खाल्ले. भावाला ते पाहून मळमळलं तेव्हा हॅरिस त्याला हसला. त्याच दिवशी बँक लुटल्यावर तो पकडला गेला, आणि पकडणाऱ्या पोलिसांमध्ये त्या मुलांपैकी एकाचा बाप होता. आपला मुलगा मेला आहे हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

हे वाचताना मनात जे उसळतं त्याला पुरावा लागत नाही. मग वॉटसन दुसरी बाजू समोर ठेवतात. हॅरिस वेळेआधी जन्माला आला, कारण बापानं गरोदर बायकोच्या पोटात लाथ घातली होती. मूल आपलं नाही असा त्याला संशय होता. बाप दारुडा होता, मारकुटा होता, आणि मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल पुढे तुरुंगात गेला. आई या मुलाला जवळच घेईना. बहिणीनं आठवण सांगितली होती, की त्याला फक्त माया हवी असायची. चौदाव्या वर्षी गाडीचोरीसाठी तो बालसुधारगृहात गेला आणि तिथं त्याच्यावर अनेकदा बलात्कार झाला. लहानपणी सिनेमात बांबी या हरणाच्या पाडसाची आई मेली म्हणून रडणारा हा मुलगा बाहेर आला तो जनावरांचे हाल करण्यात आनंद मानणारा होऊन.

आता पहिला राग कुठे जातो? वॉटसन प्रामाणिकपणे सांगतात, की तो जात नाही. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसतं. ज्याच्यावर अत्याचार झाला ते मूल आणि ज्यानं खून केले तो माणूस, दोघं एकाच देहात आहेत आणि एकाबद्दलची भावना दुसऱ्याबद्दलच्या भावनेला पुसून टाकत नाही. त्यात आणखी एक अस्वस्थ करणारा विचार शिरतो: ते बालपण माझ्या वाट्याला आलं असतं तर मी काय झालो असतो? नेगल यांचा अर्जेंटिनातला शेजारी इथं पुन्हा भेटतो.

वॉटसन यांचा दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. दोष देणं म्हणजे एक प्रकारे बोलणं असतं. ‘तू माझ्याशी असं वागायला नको होतंस’ हे आपण ऐकणाऱ्याला सांगत असतो. पण हॅरिससारखा माणूस ऐकणाऱ्यांतला उरलेलाच नाही. त्याचं क्रौर्य इतकं पूर्ण आहे, की आपलं वाक्य त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त दोष द्यावासा वाटतो, त्यालाच दोष देण्याला सगळ्यांत कमी अर्थ उरतो. पी. एफ. स्ट्रॉसन यांच्या सिद्धांतातली ही भेग आजही बुजलेली नाही. हॅरिसला २१ एप्रिल १९९२ ला सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आलं. १९६७ नंतरची कॅलिफोर्नियातली ती पहिली देहदंडाची अंमलबजावणी होती.

सुझन वुल्फ यांनी त्याच वर्षी, १९८७ मध्ये, अशा माणसासाठी कायद्यातला एक जुना निकष उचलला. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन यानं ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. त्या खटल्यानंतर नियम ठरला, की आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे मनोविकारामुळे कळतच नसेल तर माणूस सुटतो. आपल्याकडे तोच धागा भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला आणि आता न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. वुल्फ म्हणतात, यातलं ‘चूक आहे हे कळणं’ फार महत्त्वाचं आहे. क्रूर हुकूमशहाच्या मांडीवर वाढलेला, बापालाच आदर्श मानणारा मुलगा घ्या. त्याच्या इच्छा त्याच्याच आहेत, कुणी लादलेल्या नाहीत. तरी चांगलं आणि वाईट वेगळं ओळखण्याची शक्तीच त्याच्यात घडली नसेल, तर तो पूर्ण जबाबदार नाही.

इथं मला भीती वाटते. ‘त्याला कळतच नव्हतं’ ही पळवाट फार रुंद होऊ शकते, आणि तिच्यातून सगळ्यांत आधी बाहेर पडतात ते ज्यांच्या हाती सत्ता होती ते.

काळच तसा होता

गिडियन रोझेन यांनी २००३ मध्ये हीच पळवाट तत्त्व म्हणून मांडली, आणि ती सहज झटकून टाकता येत नाही. प्राचीन काळातला एक हित्ती, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका जुन्या राज्यातला, सरदार गुलाम विकत घेतो, विकतो. गुलामगिरी चूक आहे असं त्याच्या जगात कुणी म्हणत नाही. त्यानं निष्काळजीपणा कुठं केला? अज्ञानासाठी दोष द्यायचा तर त्या अज्ञानाच्या मुळाशी कधीतरी जाणूनबुजून केलेली चूक सापडायला हवी. ती सापडत नसेल तर तो सुटला. आणि अशी चूक खात्रीनं दाखवता येणं इतकं दुर्मीळ आहे, की बहुतेक वेळा आपण दोष देताना हात आखडता घ्यावा, असं रोझेन म्हणतात.

मिशेल मूडी-अॅडम्स यांनी १९९४ मध्येच याच्या उलट बाजूनं लिहिलं होतं. समाजानं माणसाला आंधळं केलं असं आपण पटकन म्हणतो, पण बहुतेक वेळा माणसानं स्वतःच बघायचं नाकारलेलं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर गैरसोयीचं आहे तो प्रश्नच न विचारणं, हे अज्ञान सोंगाचं असतं. एलिझाबेथ हार्मन यांनी पुढं जाऊन म्हटलं, की खरंखुरं नैतिक अज्ञानही सूट देत नाही. दुसऱ्याच्या यातनेची ज्याला पर्वा नाही, त्याची बेपर्वाई हाच दोष आहे. आपलं वागणं चूक आहे असं त्याला वाटत होतं की नव्हतं, हा प्रश्न नंतरचा.

मराठी माणसाला हा वाद परका नाही. जुन्या पिढ्यांच्या अस्पृश्यता पाळण्याबद्दल बोलणं निघालं, की घराघरांत एक वाक्य येतं: काळच तसा होता, कुणाला काही वाटत नव्हतं. ‘कुणाला’ या शब्दात कोण बसतं ते बघावं. चोखोबांनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगांतून हा प्रश्न देवाला आणि समाजाला विचारला. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंवर शेण फेकणारे लोक त्यांच्याच काळात, त्यांच्याच गावात राहत होते. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्यांना वाटत होतं ती माणसं त्याच रस्त्यानं येत-जात होती. आणि ज्यांना तहान लागायची, त्यांना तर पहिल्यापासून वाटतच होतं.

इथं दोष देण्याचा आणखी एक अर्थ उपयोगी पडतो. पामेला हिरॉनिमी यांनी २००१ च्या निबंधात राग म्हणजे निषेध अशी मांडणी केली. अन्याय झाला की तो घडून संपत नाही. ‘तुझ्याशी असं वागलेलं चालतं’ हा त्याचा दावा मागं उरतो. पीडिताचा राग त्या दाव्याला नकार देतो. अपराध्यानं स्वतःहून तो दावा मागं घेतला, मनापासून माफी मागितली, तर राग धरून ठेवायचं कारण उरत नाही. या अर्थानं दोष देणं म्हणजे सूड घेणं नव्हे, शिक्षा देणंही नव्हे. त्यासाठी समोरच्यानं स्वतःला शून्यातून घडवलेलं असण्याची गरज नाही. गेलन स्ट्रॉसन यांचा युक्तिवाद मान्य करूनही हे म्हणता येतं.

डर्क पेरेबूम यांच्यासारखे संशयवादी जवळपास इथंच येऊन पोचतात, दुसऱ्या वाटेनं. कुणालाच शिक्षेची ‘लायकी’ नसते, असं ते २००१ च्या पुस्तकात मांडतात. मग धोकादायक गुन्हेगाराचं काय? साथीच्या रोग्याला आपण त्याचा दोष नसताना वेगळं ठेवतो, तसं त्याला ठेवावं. पण रोग्याला जसा आपण मुद्दाम त्रास देत नाही, त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी घेतो, तसंच इथंही करावं. याला मोठा आक्षेप आहे. लायकीचा निकष काढून टाकला, तर ज्यानं अजून काही केलेलं नाही पण करेल अशी भीती आहे, त्यालाही डांबता येईल. पेरेबूम यांच्याकडे याची उत्तरं आहेत, मला ती पुरेशी वाटत नाहीत. मात्र शिक्षा द्यायची तर ती किती आणि कशासाठी, हे नव्यानं विचारायला ते भाग पाडतात. एका सायकलवाल्याच्या असण्या-नसण्यानं सहा महिन्यांची पाच वर्षं होत असतील, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

रोझेन यांच्या युक्तिवादाला महाराष्ट्रातली एक घटना लावून बघतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, प्रत्यक्षात कुणी पाणी भरू देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर जमावानं परिषदेला आलेल्यांना मारहाण केली आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला: तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही परंपरा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९३७ मध्ये तो दावा फेटाळला.

रोझेन यांच्या बाजूनं म्हणता येईल, की ऐकणं म्हणजे पटणं नव्हे. दावा लावणाऱ्यांना समतेचा विचार ऐकू आला, पटला नाही, आणि न पटणं हा गुन्हा नाही. मला हे मान्य होत नाही. हित्ती सरदाराला कुणी विचारलं नव्हतं. महाडमध्ये विचारलं गेलं होतं: कायदे मंडळानं, त्यांच्याच नगरपालिकेनं, आणि ओंजळीत पाणी घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी. त्या विचारण्याला लाठीनं, ठराव फिरवून आणि दहा वर्षांच्या दाव्यानं उत्तर दिलं गेलं. ज्यांना प्रश्नच पडला नव्हता, त्यांची ही उत्तरं नव्हेत.